पटावर काय उरलें?

गेल्या वर्षीं एका शालेय सामन्यांत आमच्या शाळेचा एक विद्यार्थी बुद्धिबळें खेळत होता. त्याच्या उजव्या हाताशीं प्रतिपक्षाच्या मेलेल्या मोहऱ्यांची लांबच लांब रांग लागली होती. वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि सात प्यादीं, मिळून १४. पटावर समोर उरला होता तो कोपऱ्यांत दडलेला एक राजा आणि त्याच्याजवळचें एक प्यादें. आमच्या विद्यार्थ्याचा वजीर, हत्ती व तीन प्यादीं शाबूत होतीं. जय ठरलेलाच होता. विलंब होता तो फक्त मात देण्याचा. परंतु तें एक प्यादें त्याच्या डोळ्यांत सलत होतें. त्यानें वजिरानें तें मारलें आणि मोठ्या समाधानानें रांगेंत पंधराव्या जागीं ठेविलें.

प्रतिपक्षाच्या मुलानें क्षणभर पट न्याहाळला आणि हात वर केला. कोपऱ्यांतील राजापासून बरोबर घोड्याच्या एका उडीच्या अंतरावर आमचा वजीर जाऊन बसला होता. त्या राजास शह नव्हता. पण त्यास हलावयास एकहि घर नव्हतें, आणि हलविण्याजोगें दुसरें कांहीं त्याच्याजवळ उरलेलें नव्हतें. नियमाप्रमाणें डाव बरोबरींत सुटला. अंबाजोगाईहून परततांना मांजरसुंब्याचा घाट येईपर्यंत तो मुलगा कोणाशीं बोलला नाहीं. मग एकदम म्हणाला, "सर, मीं तर त्याचे सगळेच मारले होते!"

हें वाक्यच या लेखाचें कारण होय. सगळे मारले होते म्हणूनच तो जय हातचा गेला. तें शेवटचें प्यादें राहूं दिलें असतें तर शत्रूला तें हलवावें लागलें असतें, आणि तेवढ्या अवधींत मात खास झाली असती. पटाबाहेर किती जमले हें आमच्या विद्यार्थ्यानें मोजलें. पटावर काय उरलें हें मोजलें नाहीं. हे दोन हिशोब वरवर पाहतां एकच वाटतात. प्रत्येकाकडे आरंभीं १६ मोहरे. १५ गेले तर एक उरला, त्यांत निराळें मोजावयाचें तें काय? पण जो गेला त्याच्या अंगीं कांहीं करण्याची शक्ति राहत नाहीं. जो उरला तो चालतो, अडवितो, आणि कधीं कधीं नुसत्या असण्यानेंच डावाचें स्वरूप बदलून टाकतो.

आमच्या देशांतील जुन्या खेळास ही गोष्ट फार चांगली ठाऊक होती. आजचे विद्यार्थी ज्या नियमांनीं खेळतात ते युरोपांतून आलेले आहेत. मुंबईस १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळांवरील इंग्रजी ग्रंथ छापला गेला, तोच मुळीं युरोपीय पद्धतीस अनुसरून रचलेला होता. तरी खेड्यापाड्यांतून देशी पद्धत पुढें शंभर-दीडशें वर्षें टिकून राहिली. पंजाबांतील मीर सुलतान खान देशी नियमांनींच खेळावयास शिकले, आणि मागाहून परके नियम आत्मसात करून त्यांनीं १९२९, १९३२ व १९३३ या तीन सालीं ब्रिटनचें अजिंक्यपद मिळविलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल.

देशी पद्धतींत गांवोगांव थोडाफार फरक असे. पण आमच्या भागांत दोन गोष्टी महत्त्वाच्या मानीत. पहिली गोष्ट 'बुर्जी'. प्रतिपक्षाचे राजाखेरीज सर्व मोहरे मारले गेले तर डाव जिंकला असें होत नसे. बुर्जी झाली असें म्हणत, आणि तो डाव बरोबरीचा किंवा फार तर अर्ध्या जयाचा धरीत. पूर्ण जय पाहिजे असेल तर शत्रूजवळ कांहीं तरी शिल्लक असतांनाच मात दिली पाहिजे. आणि ती मात प्याद्यानें दिली तर तिचा मान सर्वांत मोठा, तिला 'प्यादेमात' म्हणत. दुसरी गोष्ट प्याद्याच्या बढतीची. आज शेवटच्या घरांत पोंचलेल्या प्याद्याचा बहुधा वजीर करतात. पहिला वजीर जिवंत असला तरी हरकत नसते. जुन्या खेळांत प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरांत पोंचे तोच मोहरा त्यापासून होई, आणि तोहि तसला मोहरा पूर्वीं मेलेला असेल तरच. घोड्याच्या घरांत गेलें तर घोडा, हत्तीच्या घरांत गेलें तर हत्ती. दोन्ही घोडे जिवंत असतील तर घोड्याच्या घरीं जाणाऱ्या प्याद्यास वाट पाहात बसावें लागे. तेव्हां शत्रूचा घोडा मारणें म्हणजे त्याच्या एका प्याद्याचा दरवाजा उघडणें होय, हेंहि खेळणाऱ्यास ध्यानीं धरावें लागे. असल्या खेळांत उरलेल्यांचा हिशोब ज्याला नाहीं, त्याला जिंकतां येणें शक्यच नव्हतें.

हे नियम आम्ही पुस्तकांत शिकलों नाहीं. गेवराई तालुक्यांत गोदावरीकांठच्या आमच्या आजोळीं शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. सारा गांव त्यांना तात्या म्हणे. निजामी अमदानींत ते तहसील कचेरींत कारकून होते आणि तेथेंच दुपारच्या सुट्टींत हा खेळ शिकले होते. आमच्या लहानपणीं, म्हणजे सुमारें १९९२ सालीं, त्यांचें वय ऐंशीच्या घरांत होतें आणि काचबिंदूनें त्यांचे दोन्ही डोळे गेलेले होते. तरी उन्हाळ्याच्या सुट्टींत ओसरीवर पट मांडलेला असे. तात्या भिंतीशीं टेकून बसत. पटास ते हात लावीत नसत. आम्हीं आमची खेळी तोंडानें सांगावी, त्यांनीं त्यांची सांगावी, आणि दोन्हीकडचे मोहरे आम्हींच हलवावे, असा परिपाठ होता. अशा रीतीनें एका आंधळ्या माणसाकडून रोज हरणें आठवींत शिकणाऱ्या मुलाच्या अभिमानास फार झोंबे.

एके दिवशीं डाव बराच पुढें गेला होता, आणि आमचा शेवटचा घोडा आम्हीं मूर्खपणानें गमाविला होता. तात्यांची सून चहा घेऊन बाहेर आली. ते बशींत चहा ओतून घेत होते. आम्हीं तो मेलेला घोडा हळूच उचलला आणि पटाच्या कडेला, कोणाच्या अध्यांत मध्यांत नाहीं अशा घरांत ठेविला. दिसत तर कोणालाच नव्हतें. चार खेळ्या आम्ही त्याला हातहि लावला नाहीं. पांचवीला म्हणालों, "घोड्यानें शह."

तात्यांनीं बशी खालीं ठेविली. रागावले नाहींत. बोटें मोडीत, एखाद्या वहींतून वाचावें तसे म्हणाले, "तुझा राजा. एक हत्ती. काळ्या घरांचा उंट. चार प्यादीं. सात झाले. हा आठवा कोठून आला?" आमच्या तोंडून शब्द फुटेना. मग तेच म्हणाले, "घोडा परत यायचा तर प्यादें घोड्याच्या घरांत जावें लागतें, पोरा. तुझें कोणतें प्यादें गेलें?"

आम्हीं घोडा उचलून घेतला. डाव मोडून ते उठून जातील असें आम्हांस वाटलें. किंबहुना तसें झालें असतें तर बरें, असेंहि वाटलें. पण त्यांनीं पुढची खेळी सांगितली. त्यानंतर एकेक करून त्यांनीं आमचा हत्ती मारला, उंट मारला, तीन प्यादीं मारलीं. राजाजवळ एकच प्यादें उरलें. तें त्यांच्या हत्तीच्या माऱ्यांत कितीदां तरी आलें. त्यांनीं तें घेतलें नाहीं. अखेर आपलें एक प्यादें पुढें सारून त्यांनीं शांतपणें मात सांगितली. आमचें तें प्यादें जेथल्या तेथें उभें होतें.

त्या रात्रीं आम्हांस वाटलें कीं, तात्यांना आमची दया आली, म्हणून त्यांनीं शेवटचें प्यादें सोडलें. पुढें नियम नीट समजले तेव्हां कळलें कीं ती दया नव्हती, हिशोब होता. तें प्यादें मारलें असतें तर बुर्जी होऊन आमची सुटका झाली असती. दया त्यांनीं केली ती दुसऱ्या बाबतींत. घोड्याची गोष्ट त्यांनीं आमच्या आजोबांना कधींहि सांगितली नाहीं, आणि दुसरे दिवशीं सकाळीं नेहमींप्रमाणेंच आंतून हांक मारली, "पट आण रे." आम्ही मात्र चार दिवस गेलों नाहीं.

तात्या हें सारें कसें लक्षांत ठेवीत, याचें कोडें आम्हांस पुष्कळ वर्षें होतें. त्याचा उलगडा मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत सांपडतो. हॉलंडांतील आद्रियान द ख्रोट यांनीं १९४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, आणि अमेरिकेंतील चेस व सायमन यांनीं १९७३ सालीं केलेल्या प्रयोगांत, खेळाडूंना चालू डावाचा पट अवघीं कांहीं सेकंद दाखवून झांकला व मोहरे पुन्हां मांडावयास सांगितलें. निष्णात खेळाडूंनीं बहुतेक सर्व मोहरे जागच्या जागीं मांडले. नवशिक्यांना थोडेच मांडतां आले. पण तेच मोहरे कसेहि विस्कटून ठेविले तेव्हां निष्णातांची मिजास उतरली. ते जवळ जवळ नवशिक्यांच्याच पंक्तीस बसले. म्हणजे थोर खेळाडूची स्मरणशक्ति इतरांहून मोठी असते असें नव्हे. तो सुटे मोहरे पाहतच नाहीं. हत्तीच्या मागें उभा असलेला हत्ती, राजापुढील तीन प्याद्यांची भिंत, अशा अर्थपूर्ण जुळण्या पाहतो. ज्या गोष्टीला अर्थ आहे ती ध्यानांत राहते. तात्यांना आमचा घोडा खटकला, कारण तो घोडा कोणत्याहि जुळणींतला नव्हता. त्याला पटावर येण्यास कारणच नव्हतें. अशा अभ्यासाच्या बळावर तिमूर गारेयेव या खेळाडूनें २०१६ सालीं अमेरिकेंत डोळे बांधून एकाच वेळीं ४८ जणांशीं डाव मांडले होते.

आतां उरलेल्यांचा हिशोब म्हणजे नुसती संख्या नव्हे, हें सांगणें जरूर आहे. बुद्धिबळाच्या पुस्तकांत प्याद्याचा एक गुण, घोड्याचे व उंटाचे तीन, हत्तीचे पांच आणि वजिराचे नऊ, असें एक कोष्टक असतें. राजा सोडून प्रत्येक पक्षाचे आरंभीं ३९ गुण होतात. कोष्टक उपयोगी आहे, परंतु तें किराणा दुकानदाराच्या वहीप्रमाणें आहे. त्यांत माल किती तें कळतें, कोणता माल कोठें पडला आहे तें कळत नाहीं. समजा, तुमच्याजवळ एक उंट आणि पटाच्या अगदीं कडेच्या रांगेंतील एक प्यादें उरलें आहे, आणि शत्रूचा राजा एकटाच आहे. कोष्टक म्हणतें, तुम्ही चार गुणांनीं पुढें आहां. पण तें प्यादें ज्या कोपऱ्यांत जाऊन वजीर होणार, तें घर काळें असेल आणि तुमचा उंट पांढऱ्या घरांचा असेल, तर शत्रूचा राजा त्या कोपऱ्यांत जाऊन बसतो आणि त्याला तेथून उठवितां येत नाहीं. डाव बरोबरीचा. म्हणून आपला एक उंट मारला जाऊं देतांना मागें कोणत्या रंगाचा उरतो, आणि शत्रूचा कोणत्या रंगाचा उरतो, हें आधीं पाहावें. दोन्हीकडे एकेक उंट उरला व ते निरनिराळ्या रंगांच्या घरांचे असले, तर एक-दोन प्यादीं जास्त असलेल्यासहि पुष्कळदां जिंकतां येत नाहीं. कारण ते उंट एकमेकांना जन्मांत भेटत नाहींत.

याहून नवलाची गोष्ट दोन घोड्यांची. राजा व दोन घोडे मिळून समोरच्या एकट्या राजावर जबरीनें मात करतां येत नाहीं. त्यानें चूक केली तरच होते. मात जवळ आली कीं बिचाऱ्याला हलावयास घरच उरत नाहीं, आणि डाव बरोबरींत सुटतो. पण त्याच राजाजवळ एखादें प्यादें असेल आणि तें योग्य जागीं रोखून धरतां येईल, तर कांहीं मांडण्यांत मात खात्रीनें होते. कारण राजा अडकला तरी त्याला प्यादें चालवावेंच लागतें. रशियांतील अलेक्सी ट्रॉइट्स्की यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या मांडण्यांचा कसून अभ्यास केला. शत्रूजवळ अधिक असल्यामुळें तो हरतो! मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत गप्प बसलेल्या आमच्या विद्यार्थ्याला आम्हीं हाच डाव नंतर फळ्यावर मांडून दाखविला. तो बराच वेळ पाहात राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बुर्जी खरीच होती!" इतकें चांगलें उत्तर आम्हांस वर्गांत क्वचित् मिळतें.

बुद्धिबळांत निदान शत्रूचे मोहरे डोळ्यांसमोर तरी असतात. जेथें ते झांकलेले असतात तेथें हा हिशोब तर्काचें रूप घेतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंगांचीं, प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात. कोणत्या रंगाचा राजा खेळून गेला हें ज्याच्या ध्यानांत असतें, त्यालाच आपल्या हातांतील प्रधान आतां सर्वांत मोठा झाला हें कळतें. ज्याच्या ध्यानांत नसतें तो तोच प्रधान भीतभीत शेवटपर्यंत धरून बसतो. विसाव्या शतकाच्या मध्यास हॉलंडांतून जगभर पसरलेल्या 'स्ट्रॅटेगो' नांवाच्या खेळांत प्रत्येकाचे ४० मोहरे असतात व त्यांच्या पाठी तेवढ्या शत्रूला दिसतात. त्यांत सर्वांत बलाढ्य मोहऱ्यावर चाल करून त्यास मारणारा हेर एकच असतो. शत्रूचा हेर मेला हें ज्यानें टिपलें, त्याचा तो बलाढ्य मोहरा त्या क्षणापासून मोकळा हिंडूं शकतो. तसेंच सुरुंग काढणारे पांचच. ते पांचहि गेले कीं सुरुंगांच्या कोंडाळ्यांत ठेविलेल्या आपल्या निशाणाला शत्रूचा हात लागत नाहीं. हा खेळ संगणकास फार दिवस अवघड गेला. २०२२ सालीं 'डीपनॅश' नांवाच्या संगणकीय खेळाडूस त्यांत निष्णात माणसांची बरोबरी साधली.

इतक्या लांब जाण्याचें कारण नाहीं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले आमचे कांहीं विद्यार्थी परत येतात तेव्हां वाघबकरींत त्यांचा हात धरणारा वर्गांत कोणी नसतो. जमिनीवर कोळशानें आंखलेला पट, चिंचोके आणि खडे, एवढें साहित्य त्या खेळास पुरतें. महाराष्ट्रांतील कित्येक जुन्या देवळांच्या व किल्ल्यांच्या फरशांवर असे पट कोरलेले आढळतात. वाघ बकऱ्यांवरून उडी मारून त्यांना खातो. बकऱ्यांनीं त्याला कोंडावयाचें असतें. अमुक इतक्याहून कमी बकऱ्या उरल्या कीं वाघ कोंडलाच जात नाहीं, हा आंकडा त्या मुलांना तोंडपाठ असतो. एका मुलीला आम्हीं विचारलें, "किती खाल्ल्या हें लक्षांत ठेवतेस कां?" ती म्हणाली, "खाल्लेल्या कशाला ठेवूं? राहिलेल्या दिसत्यात कीं."

पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्ट यांनीं सतराव्या शतकांत 'नीतिमयूख' हा ग्रंथ लिहिला, त्यांत बुद्धिबळाचें वर्णन आलेलें आहे. ग्रंथ आहे राजनीतीचा. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरच, गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर ज्यांचें मूळ गांव, त्या पंडितांना हा खेळ राज्यकारभाराच्या पंक्तीस बसविण्याजोगा वाटला, याचें आम्हांस कौतुक वाटतें. मात्र तेव्हांपासून तात्यांच्या ओसरीपर्यंत ज्या वाटेनें हे नियम आले, ती वाट बहुतेक तोंडीच होती. आणि तोंडी वाट माणसाबरोबर बुजते.

ज्यांना अभ्यास करावयाचा असेल त्यांच्यासाठीं एक युक्ति सांगतों. मोहऱ्यांची मारामारी झाली रे झाली कीं, पुढची खेळी करण्यापूर्वीं शत्रूचे उरलेले मोहरे मनांत नांवानें म्हणावे: राजा, एक हत्ती, पांढऱ्या घरांचा उंट, अमुक रांगांतील प्यादीं. मेलेल्यांची रांग लावूं नये; ते सरळ पेटींत टाकावे. घरीं वडील माणसाबरोबर खेळत असाल तर दहा खेळ्या झाल्यावर पटाकडे पाठ करावी आणि सारे मोहरे सांगून पाहावे. पहिल्या आठवड्यांत निम्मे चुकतील.

पालकांसहि एक विनंती आहे. आपल्या घरांतील अगर शेजारच्या वृद्ध माणसांस बुर्जीचे, प्यादेमातीचे आणि प्याद्याच्या बढतीचे जुने नियम ठाऊक असतील तर ते त्यांच्याच शब्दांत मुलांकडून लिहवून घ्यावे, आणि गांवाचें व तालुक्याचें नांव घालून शाळेंत पाठवावे. एकाच गोष्टीविषयीं दोन गांवांचे नियम निराळे निघाले तर दोन्ही पाठवावे. तात्यांच्या नियमांपैकीं राजाच्या पहिल्या उडीसंबंधींचा एक नियम आम्हांस आतां नीट आठवत नाहीं, आणि ज्यांना विचारावें ते राहिले नाहींत.